शनिवारी दिसलेली चूक

ब्राउझरमध्ये एफ-बारा दाबलं की खालून एक खिडकी उघडते. तिच्यात नेटवर्क नावाचा भाग असतो. तिथल्या मथळ्यांवर माऊसचं उजवं बटण दाबलं की 'प्रोटोकॉल' नावाचा एक जास्तीचा रकाना आणता येतो. कुठलं पान कोणत्या प्रकारच्या जोडणीवरून आलं, ते त्यात दिसतं. बहुतेक लोकांना तो रकाना उघडायची कधी गरजच पडत नाही. मी तो रोज उघडायची. माझ्यासमोर तिथे कायम 'एच-टू' असायचं. माझ्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर 'एच-थ्री' असायचं.

दोनाच्या जागी तीन, एवढ्यावरून कुणाला हेवा वाटू शकतो, हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. पण वाटायचा. खरं तर हेवा त्या आकड्याचा नव्हताच. आकडा फक्त समोर दिसायचा.

एच-थ्री ही ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायची नवी पद्धत. जुन्या पद्धतीत आधी जोडणी होते, मग ओळखपाळख आणि कुलूपकिल्ली ठरते आणि त्यानंतर पान मागता येतं. नव्या पद्धतीत या पायऱ्या एकत्र होतात, म्हणून पान लवकर येतं. आता सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये ही सोय आहे, माझ्या साध्या फोनमध्येसुद्धा आहे. पण आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ती बंद होती. मी एकदा धीर करून लॅब असिस्टंट सरांना विचारलं होतं.

"बंद केलंय ते," ते म्हणाले.

"काहून सर?"

"आपल्या फायरवॉलला त्याच्या आतलं दिसत न्हाई. जे दिसत न्हाई ते जाऊ द्यायचं न्हाई, असं वरून सांगितलंय. जुन्यावर चालतंय ना तुझं? चालतंय. मग?"

माझं चालत होतं, हे बरोबरच होतं. पण बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आम्हा दोघींना सेमिनारचा विषयच हा मिळाला होता. ती घरी बसून जे रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघत होती, ते मी लॅबमध्ये फक्त वाचत होते.

ती म्हणजे माझी बेंचवरची मैत्रीण. पहिल्या वर्षापासून आम्ही एकाच बेंचवर बसायचो. तिचं घर हिंगोलीत होतं. वडील शिक्षक, आई शिक्षिका, घरात फायबरचं नेट आणि तिचा स्वतःचा लॅपटॉप. मी पुसेगावजवळच्या खेड्यातून एसटीने यायची. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. बाबा सोयाबीन आणि थोडी हळद करतात. मी नेमकं काय शिकते असं कुणी विचारलं की "कॉम्प्युटरचं" एवढंच सांगतात, आणि अभिमानाने सांगतात.

पण मला तिच्या घराचा, लॅपटॉपचा हेवा फार वाटायचा असं नाही. थोडा वाटायचा, खोटं कशाला बोलू. खरा हेवा वाटायचा तो तिच्या "माहीत नाही" म्हणण्याचा. सरांनी काही विचारलं आणि तिला येत नसलं, तर ती हसत "माहीत नाही सर" म्हणायची आणि पुढच्या क्षणी विसरून जायची. मला उत्तर येत असलं तरी मी ते वाक्य मनात तीनदा म्हणून बघायची. तोवर दुसरं कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. न येण्याची लाज तिला माहीतच नव्हती. तिचं ते न लाजणं कुठल्या दुकानात मिळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

विभागप्रमुख सरांनी विषय वाटले तेव्हा तिला 'नव्या जोडणीचा वेग' आला आणि मला 'नव्या जोडणीतले सुरक्षेचे धोके'. सर म्हणाले, "दोघींचे विषय जोडून आहेत, एकाच दिवशी घ्या. नांदेडला विद्यापीठात सेमिनारची स्पर्धा आहे. आपल्या विभागातून एकच नाव जाणार. बुधवारी ऐकतो आणि ठरवतो."

मी मनात म्हटलं, वेग तिला आणि धोके मला. विषय वाटतानाही असंच व्हावं?

नांदेडला जायचं होतं मला. फार जायचं होतं. आमच्या घरातलं कुणी कधी माईकसमोर उभं राहिलेलं नाही. 'विभागातून हिचं नाव गेलं' असं मला एकदा बाबांना सांगायचं होतं. तिचे आई-वडील तर स्वतःच अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून जात. तिचं नाव गेलं असतं तरी त्यांच्या घरी संध्याकाळी त्यावर पाच मिनिटं बोलणं झालं असतं, बस.

विषयातली एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. ब्राउझर आणि सर्व्हर आधी एकदा भेटलेले असतील, तर दुसऱ्या भेटीत ब्राउझर ओळखपाळखीची वाट न बघता पहिल्याच निरोपात आपली मागणी पाठवून देतो. यात वेळ वाचतो. पण पुस्तकात लिहिलं होतं की तोच निरोप वाटेत कुणी उचलून ठेवला आणि पुन्हा पाठवला, तर सर्व्हर तो खरा मानू शकतो. मला कळेना, उचलणाऱ्याला तो निरोप वाचता येत नाही, कुलूप उघडता येत नाही, मग तो बिघडवतो तरी काय?

घरी हळद निवडत बसले असताना मी हे आईसमोर बोलून गेले. तिला कळावं म्हणून नाही, बोलल्याने मला कळेल म्हणून. आई ऐकत होती.

"काहून गं, त्यात काय समजंना तुला?" ती म्हणाली. "आपल्या भावकीत ते चूलबंद आवतनाचं झालं न्हवतं का?"

आमच्याकडे लग्नकार्याला चूलबंद आवतन देतात. म्हणजे एकट्यादुकट्याने नाही, घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. नव्या सोयरिकीत आवतन द्यायला गेलेला माणूस आत येतो, टेकतो, पाणी पितो, मी अमक्याकडून आलो म्हणतो आणि मग निरोप सांगतो. भावकीत एवढं कुणी करत बसत नाही. गल्लीतून जाता जाता भिंतीपलीकडून हाक देतात, "चूलबंद आवतन हाय वो!" आणि पुढे जातात. मी लहान असताना एका घरचं लग्न झालं, जेवणं झाली. आठ दिवसांनी कुणीतरी भिंतीपलीकडून तीच हाक तशीच दिली. एका घरानं चूल पेटवली नाही. म्हातारी, लेकरं, पाहुणे, सगळे नवे कपडे घालून लग्नघरी गेले. तिथे ओट्यावर बाया भांडी घासत होत्या. दोन्ही घरांना आपला अपमान झाला असं वाटलं. पुढे कित्येक दिवस बोलणं बंद. हाक कुणी दिली ते आजवर कळलं नाही.

"हाक काय खोटी न्हवती," आई म्हणाली. "हाक खरीच होती. पण ती आठ दिवसापल्याडची होती."

मी हातातली हळद खाली ठेवली आणि वहीत ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पुस्तकातली चार पानं त्या एका वाक्यात होती. निरोप खोटा असायची गरज नाही. खराच निरोप दुसऱ्यांदा आला, तरी पुरतं.

मला वाटलं, हे माझ्या मैत्रिणीला सुचणार नाही. मला आनंद झाला, पण त्या आनंदाची चव चांगली नव्हती.

तिकडे तिने सेमिनारसाठी खरीखुरी चालणारी वेबसाइट केली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलच्या बॅचसाठी नाव नोंदवायला नोटीस बोर्डाजवळ गर्दी करावी लागायची. तिने एक पान केलं. प्रत्येक बॅचला वीस जागा. आपला रोल नंबर टाकायचा, बॅचवर बोट ठेवायचं, जागा आपली. सर्व्हरवर नवी जोडणी चालू केली होती आणि ती ओळखपाळखीआधी मागणी पाठवायची सोयही, कारण तिला वेग दाखवायचा होता. सरांनी ते पान बघितलं आणि म्हणाले, "हे सोमवारपासून खरंच वापरू." म्हणजे सेमिनार व्हायच्या आधीच तिचं काम कॉलेजात वापरात येणार होतं.

शुक्रवारी मी तिच्या घरी सरावाला गेले. काकूंनी उपमा दिला. तिने पान उघडून दाखवलं, एच-थ्री, डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"तू एक कर ना," ती म्हणाली. "उद्या गावाकडून उघडून बघ. इथं फायबरवर काय, काहीही पळतं. तुमच्याकडं रेंज कमी असते, तिथं चाललं तर खरं. काही गडबड दिसली तर सांग."

"सांगते."

"नक्की हं. मला सांगणारी तूच एक आहेस. बाकीचे नुसतं 'भारी' म्हणतात."

शनिवारी दुपारी मी आमच्या बोअरजवळच्या बांधावर गेले. आमच्याकडे तिथेच बऱ्यापैकी रेंज येते. फोनवर तिचं पान उघडलं, पाहिलं, बंद केलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडून नव्याण्णव असा खोटाच रोल नंबर टाकला आणि एका बॅचवर एकदाच बोट ठेवलं. पान अडकलं. रेंजची काडी गेली, परत आली. मग यादी उघडली. नव्याण्णव दोनदा होता. वीस जागांच्या अठरा झाल्या होत्या.

मी एकदाच दाबलं होतं.

का झालं ते मला उभ्या उभ्याच कळलं, कारण गेला महिनाभर मी त्याच गोष्टीशी झगडत होते. तिने नोंदणीचं बटण साध्या लिंकसारखं लिहिलं होतं. लिंक म्हणजे नुसतं पान बघणं, बदल काही नाही, असं ब्राउझर धरून चालतो. म्हणून तो ती मागणी पहिल्याच निरोपात पाठवतो आणि उत्तर आलं नाही तर बिनधास्त पुन्हा पाठवतो. सर्व्हर मात्र दर निरोपाला एक जागा कमी करत होता. हा नंबर आधी आलाय का, एवढंसुद्धा विचारत नव्हता. इथे कुणी चोर नव्हता, फक्त आमच्या बांधावरची रेंज होती. आणि उद्या खरंच कुणी खोडसाळपणे तोच निरोप उचलून वीसदा पाठवला असता, तर अख्खी बॅच भरून गेली असती.

मी तिला फोन लावायला घेतला. खरंच घेतला होता.

मग मनात आलं, बुधवारी तिच्यानंतर मी बोलणार आहे. ती वेगाचे आकडे दाखवेल, सगळे 'भारी' म्हणतील. आणि मी उभी राहून तिचंच पान उघडून दाखवेन.

मी मेसेज लिहिला, "मस्त चालतंय." पाठवला. तिने लगेच उडी मारणाऱ्या सशाचं चित्र पाठवलं.

पुढच्या चार दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मी स्वतःला सांगत होते की सेमिनार हा अभ्यास आहे, अभ्यासात असं दाखवतातच. सोमवारी सकाळी तिने यादी रिकामी करून पान पहिल्या वर्षाला खुलं केलं. मी दर तासाला ते उघडायची. मंगळवारी दुपारपर्यंत एका बॅचच्या यादीत पाच रोल नंबर दोनदा आले होते. ते मी वहीत उतरवून ठेवले. सगळे आपापल्या गावाहून नोंदवणारे असणार, हे मला कळत होतं. मी पाच नंबर बघत होते. त्यांनी अडवलेल्या पाच जागा बघत नव्हते.

बुधवारी ती आधी बोलली. छान बोलली. मध्ये एकदा आकडा विसरली आणि "थांबा, विसरले" म्हणून हसली. वर्गही हसला. मी बोटांची नखं दाबत बसले होते.

मग माझी पाळी आली. सुरुवातीला आवाज कापत होता. चूलबंद आवतनाची गोष्ट सुरू केली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "जेवायला कधी यायचं?" सगळे हसले आणि त्या हसण्यात माझा आवाज सापडला. म्हातारी नवं लुगडं नेसून लग्नघरी पोचली आणि तिथे भांडी घासणं चालू होतं, हे सांगितलं तेव्हा सरसुद्धा पुढे झुकून ऐकत होते. माझं बोलणं लोक असं ऐकताहेत, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

"आता ही चूक खऱ्या साइटवर दाखवते," मी म्हणाले आणि तिचं पान पडद्यावर आणलं. यादी. एक नंबर दोनदा. दुसरा दोनदा. पाचही वाचून दाखवले, कारण सांगितलं.

मी तिच्याकडे पाहिलं. मला तिचा चेहरा उतरलेला बघायचा होता, हे आज लिहितानाही जड जातं. तो उतरला नव्हता. ती डोळे बारीक करून पडदा वाचत होती.

"अगं बाई, खरंच की," ती म्हणाली. "तुला कधी दिसलं हे?"

"काल," मी म्हणाले. तेही चटकन, मनात एकदाही न म्हणता.

"बरं झालं दिसलं. सर, हिलाच पाठवा नांदेडला. मी नुसता वेगच मोजत बसले."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. पहिल्या वर्षाची काही मुलं सेमिनार ऐकायला उभी होती. त्यातली एक मुलगी, दप्तर पुढे धरून, म्हणाली, "ताई, म्हणून आमाला फुल्ल दाखवत होतं का?"

ती शिरड शहापूरहून येत होती. सोमवारी तिने पान उघडलं तर तिच्या सोयीची बॅच भरलेली. तरी ती आली, लॅबच्या दारातून परत पाठवलं. मंगळवारी पुन्हा बघितलं, पुन्हा भरलेली, पुन्हा आली आणि पुन्हा परत गेली. "आत चार-पाच खुर्च्या तर रिकाम्या होत्या," ती म्हणाली, "पण यादीत नाव न्हाई म्हणले." पहिलं प्रॅक्टिकल तिचं बुडालं होतं.

माझी मैत्रीण उठली आणि तिच्याजवळ गेली. "चुकलं माझं. नंबर सांग तुझा." तिथेच तिचं नाव लिहून घेतलं, सरांना विचारून बुडालेलं प्रॅक्टिकल शुक्रवारी लावून दिलं. मी पडद्याजवळ उभी होते. माझी शेवटची स्लाइड मागे उजळत होती, 'आभार'.

सरांनी माझं नाव ठरवलं. संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. ते तसेच उठून बाहेर गेले. शेजारी जाऊन सांगून आले.

मला वाटलं होतं, नाव गेल्यावर हेवा जाईल. तो गेला नाही, त्याची जागा बदलली. आता मला ती "चुकलं माझं" म्हणाली त्याचा हेवा वाटू लागला. अख्ख्या वर्गासमोर, पाणी मागावं इतक्या सहज ती ते म्हणाली होती.

गुरुवारी तिने मला लॅबच्या बाहेर गाठलं. हातात फोन होता.

"दुरुस्त केलं मी," ती म्हणाली. "लिंकच्या जागी फॉर्म घातला, त्या मागणीपुरती ती सोय बंद केली आणि नंबर आधी आहे का ते तपासलं. अर्ध्या तासात झालं."

"चांगलं झालं."

"दुरुस्त करताना लॉग वाचला." सर्व्हर आलेल्या प्रत्येक मागणीची वेळ लिहून ठेवतो, तो लॉग. यादी रिकामी केली तरी तो राहतो. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. तिने फोन माझ्यासमोर धरला. "शनिवार, तीन वाजून बारा मिनिटं. नंबर नव्याण्णव. दोनदा. आणि तीन वीसला तुझा मेसेज, 'मस्त चालतंय'."

मी त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"काहून?" ती म्हणाली. तो आमच्याकडचा शब्द. तीन वर्षांत तिने माझ्याकडूनच उचलला होता आणि गमतीत वापरायची. आज गंमत नव्हती.

"तुझं सगळंच चांगलं चालतं," मी म्हणाले.

"म्हणून त्या पोरीचं बिघडवलंस?"

"तिचं न्हवतं बिघडवायचं मला."

"माझं बिघडवायचं होतं. ते तर बिघडलंच नाही. अर्धा तास लागला मला. ती मात्र शिरड शहापूरहून दोनदा येऊन परत गेली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "शनिवारी सांगितलं असतंस तर दोघींनी बसून केलं असतं. सेमिनारमध्ये मीच सांगितलं असतं की हिनं पकडलं."

"मी सरांना सांगते, तुला पाठवा म्हणून."

"ते तुझं तू बघ. पण माझ्याकडं सरावाला येऊ नकोस आता."

मी सरांकडे गेले. चूक मला शनिवारीच दिसली होती एवढं सांगितलं, कारण सांगितलं नाही. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "नाव गेलंय सकाळी," ते म्हणाले. "आता माघार घेतलीस तर आपली जागा रिकामी राहील, तिलाही मिळणार नाही. जा. आणि जे मला सांगितलंस ते तिथेही लपवू नकोस."

नांदेडला मी एकटीच गेले. सभागृह मोठं होतं. आवतनाची गोष्ट तिथेही चालली. लोक हसले, मग गप्प झाले. मी मुद्दाम एक स्लाइड वाढवली होती. चूक सापडली तर आधी साइट ज्याची आहे त्याला सांगायचं, दुरुस्तीला वेळ द्यायचा, मग चारचौघांत बोलायचं. या क्षेत्रातला हा पहिला नियम. माझ्या पुस्तकात तो होता, कॉलेजातल्या सेमिनारमध्ये मी ते पान गाळलं होतं.

परीक्षकांमध्ये एक बाई होत्या. त्यांनी तीच स्लाइड परत लावायला सांगितली.

"ही बॅच नोंदणीची चूक तुम्हीच शोधली?"

"हो मॅडम."

"ज्यांची साइट होती त्यांना किती वेळात कळवलंत?"

मी ते वाक्य मनात म्हणून बघितलं. एकदा. दुसऱ्यांदा म्हणायच्या आत बोलले, "न्हाई कळवलं मॅडम. चार दिवस मी गप्प बसले. ती माझी मैत्रीण आहे. ती सगळ्यांसमोर चुकावी असं मला वाटत होतं."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. कुणी हसलं नाही, कुणी समजावलंही नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, फायरवॉलबद्दल, आणि त्याचं उत्तर मी नीट दिलं.

नंबर आला नाही. पहिला, दुसरा आणि तिसराही दुसऱ्याच कॉलेजांना गेले. एसटी स्टँडवर हिंगोलीच्या गाडीची वाट बघताना मी तिला फोन केला. ती उचलणार नाही असं वाटत होतं. तिने दुसऱ्याच रिंगला उचलला.

"झालं?"

"झालं. नंबर न्हाई आला."

"अरेरे. का?"

"एका मॅडमनी विचारलं, तुला कधी कळवलं म्हणून."

"मग?"

"खरं सांगितलं."

पलीकडे काकू कुणाला तरी हाक मारत होत्या.

"बरं केलंस," ती म्हणाली. आणि मग, "नंबर यायला हवा होता गं तुझा. मला वाईट वाटलं."

तिने ते अगदी सरळ म्हटलं, मनात काही न जुळवता. तिचा राग गेला नव्हता, ते आवाजात कळत होतं. तरी तिला वाईट वाटलं होतं आणि ते तिने सांगितलं. दोन्ही एकाच वेळी तिच्यात मावत होतं.

"ठेवते, गाडी आली," मी म्हणाले. गाडी आली नव्हती. मी बाकावर बसून राहिले आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला, आधी कधी वाटला नव्हता इतका.